ह्यांच्यानंतरची मंडळी

आमचं चर्च अंबरनाथला आहे, पण चर्चची माणसं आता अंबरनाथला फारशी उरलेली नाहीत. कारखाने जोरात होते तेव्हा नगर, जालना, सोलापूरकडून आलेली ख्रिस्ती कुटुंबं तिथल्याच चाळींत राहायची. घंटा ऐकून घरातून निघालं तरी पहिल्या गीताला पोचता यायचं. पुढे कारखाने एकेक करून बंद पडले, मुलांची लग्नं झाली, खोल्या पुरेनाशा झाल्या आणि ज्याला जिथे फ्लॅट परवडला तिथे तो गेला. आम्ही बदलापूरला कात्रपमध्ये आलो. कुणी तिथल्याच हेंद्रेपाड्यात गेलं, कुणी पार खरवईच्या नव्या इमारतींत, काही जण उल्हासनगरला. रविवारी सकाळी आम्ही एकमेकांना भेटायचो. बाकीचा आठवडा कोण कसं आहे, कुणाच्या घरी आजारपण आहे, कुणाची सून माहेरी निघून गेलीय, हे सगळं एकाच माणसाला ठाऊक असायचं. तो माणूस म्हणजे माझे यजमान.

मी बदलापूरच्या एका शाळेत लहान वर्गांना शिकवत होते. हे रसायनांच्या एका कारखान्यात सुपरवायझर होते. कारखाना बंद झाला तेव्हा ह्यांचं निवृत्तीचं वय झालेलं नव्हतं. दुसरीकडे कुणी घेतलं नाही. काही महिने हे घरात खिडकीशी बसून राहिले, जेवायला हाक मारली की उठायचे, जेवून पुन्हा तिथेच. मग चर्चचे जुने सेक्रेटरी गावी गेले आणि ते काम ह्यांनी घेतलं. तेव्हापासून ह्यांचा दिवस पुन्हा शिफ्टसारखा भरला. चर्चचं कुलूप उघडणं, पंखे दुरुस्त करून घेणं, पाळकसाहेब सुट्टीवर गेले तर दुसरा प्रचारक शोधणं, नाताळच्या जेवणाला आचारी ठरवणं, सगळं हेच करायचे. रविवारी सूचना वाचायला उभे राहिले की ह्यांचा आवाज थोडा बदलायचा. कारखान्यात माणसांना कामं वाटून देतानाचा तो आवाज होता.

सगळ्यांत मोठं काम मयताचं. मंडळीत कुणी देवाघरी गेलं की पहिला फोन आमच्याकडे यायचा. आमच्या लोकांना दफनाची जागा सहज मिळत नाही. डॉक्टरचा दाखला, पालिकेची परवानगी, दफनभूमीच्या राखणदाराला निरोप, शवपेटी, गाडी, हे कुठून कसं करायचं ते ह्यांना पाठ होतं. खड्डा पुरा झालेला स्वतः बघितल्याशिवाय ह्यांनी कधी कुणाला घरातून उचलू दिलं नाही. रडणाऱ्या माणसांना खड्ड्याशी ताटकळत उभं करायचं नाही, असं ह्यांचं म्हणणं.

ह्यांच्या हाताखाली मात्र कुणी टिकलं नाही. एका नाताळला खरवईत राहणारी एक नर्स पुढे आली. उल्हासनगरच्या एका खाजगी दवाखान्यात ती नोकरीला होती, वय असेल पस्तिशीचं. तिने जेवणाची व्यवस्था अंगावर घेतली, बायकांना कामं वाटून दिली, म्हाताऱ्या माणसांसाठी दाराजवळ खुर्च्या मांडल्या. सकाळी हे आले आणि सगळ्या खुर्च्या उचलून दुसरीकडे लावायला लागले. तिने विचारलं तेव्हा हे सगळ्यांसमोर म्हणाले, नर्सिंगमध्ये काय शिकवतात ते मला माहीत नाही, पण इथे वाऱ्याची दिशा बघावी लागते. लोक हसले. ती त्या दिवशी शेवटपर्यंत वाढत राहिली, पण पुढे कुठल्याच कामाला आली नाही. रविवारी यायची, मागच्या बाकावर बसायची आणि आशीर्वाद झाला की निघून जायची. असे आणखीही दोघं-तिघं होते. मी ह्यांना बोलले तर हे म्हणायचे, करणारे आहेत कुठे? सगळं मलाच बघावं लागतं.

मग एका सकाळी दाढी करता करता ह्यांच्या हातातून ब्रश पडला. मी स्वयंपाकघरातून विचारलं काय पडलं, उत्तर आलं नाही. जाऊन बघते तर हे बेसिनला धरून उभे, तोंड एका बाजूला ओढलेलं. दवाखान्यात नेईपर्यंत उजवी बाजू गेली होती. जीव वाचला. उजवा पाय पुढे थोडा हलायला लागला. पण वाचा गेली ती गेलीच. एकच शब्द उरला, "चला." पाणी हवं तरी चला, दुखतंय तरी चला, राग आला तरी चला. डॉक्टर म्हणाले, त्यांना समजतंय सगळं, डोक्यात शब्दही आहेत, पण तोंडापर्यंत येत नाहीत. तीस वर्षं मी मुलांना शब्द शिकवले होते. ह्यांच्यासमोर चित्रांचं पुस्तक धरून बसायचे. हे चित्राकडे बघायचे, ओठ हलवायचे, आणि "चला" म्हणून मान फिरवायचे.

सुरुवातीला मंडळीतले लोक येऊन गेले, पाळकसाहेबांनी प्रार्थना केली. नंतर येणं कमी झालं. मी कुणाला दोष देत नाही. आजाऱ्याच्या घरी जायला लोकांना सांगायचं काम आजवर हेच करायचे. आता सांगणारा कुणी नव्हता.

उन्हाळ्यात खरवईतले एक म्हातारे बाबा गेले. घरात सून आणि दोन लहान मुली, मुलगा आखातात. सुनेने आमच्याकडेच फोन केला. मी म्हटलं, अगं, ह्यांचं तुला माहीत आहे ना? ती म्हणाली, माहीत आहे काकू, पण दुसरा नंबर कुणाचा लावू?

दुपारी तीन माणसं आमच्या घरी आली. पाळकसाहेब, कारभारी समितीतले सर्वांत ज्येष्ठ सभासद आणि हार्मोनियम वाजवणारे एक गृहस्थ. ज्येष्ठ सभासद एका मोठ्या कंपनीतून अधिकारी म्हणून निवृत्त झालेले, त्यांना सगळी मंडळी मोठे साहेब म्हणायची. ते ह्यांच्या पलंगाशी खुर्ची ओढून बसले आणि हळू, मोठ्या आवाजात, बहिऱ्याशी बोलावं तसं बोलायला लागले. राखणदाराचा नंबर कुठे आहे? परवानगीला कुणाला भेटायचं? शवपेटीवाला कोण?

ह्यांचे डोळे एकदम जागे झाले. किती दिवसांनी ह्यांना कुणी कामाचं विचारत होतं. डावा हात उचलून हे म्हणाले, "चला." मग पुन्हा, "चला, चला." बोटाने दाराकडे दाखवलं, मग खिडकीकडे, मग कपाळावर बोट ठेवलं. घामाने भिजले. मोठ्या साहेबांनी मला विचारलं, कुठे लिहून ठेवलंय का? मी म्हटलं, काही लिहिलेलं नाही, सगळं डोक्यात होतं. तेव्हा ह्यांनी डाव्या हाताची मूठ करून स्वतःच्या डोक्यावर मारून घेतली. एकदा, दोनदा. पाळकसाहेबांनी हात धरला तेव्हा थांबले. ती माणसं गेली तरी हे दाराकडे बघत कितीतरी वेळ तो एकच शब्द म्हणत होते.

बाबांचं मयत त्या दिवशी झालंच नाही. घरात ठेवायला विजेवर चालणारी थंड पेटी आणली, तर वीज गेली. शेवटी बाजारातून मासळीवाल्याकडून बर्फाच्या लाद्या आणून बाजूने रचल्या. सून नंतर मला म्हणाली, मुली विचारत होत्या, आजोबांना माशांचा वास का येतोय? दुसऱ्या दिवशी कसाबसा दाखला मिळाला, गाडी मिळाली, सगळे दफनभूमीत पोचले, आणि खड्डा अर्धाच. राखणदाराला निरोप नीट गेला नव्हता. जमीन तापून दगड झालेली. पहार आपटल्याचा आवाज ऐकत बायका उन्हात उभ्या राहिल्या. मी तिथे होते. शेजारणीला ह्यांच्याजवळ बसवून गेले होते. सून एका दगडावर बसून होती.

त्यानंतरच्या रविवारी उपासना झाल्यावर सभा घेतली. मोठे साहेब म्हणाले, झालं ते वाईट झालं, आता ताबडतोब नवा सेक्रेटरी नेमू. हार्मोनियमवाल्या गृहस्थांचं नाव पुढे आलं. त्यांनी मान खाली घातली. कुणी हो म्हणेना, कुणी नाही म्हणेना. आमच्या सभांत बायका सहसा बोलत नाहीत. मी उठले तेव्हा काय बोलायचं हे ठरवलेलं नव्हतं.

मी म्हटलं, "माझ्या नवऱ्यासारखा दुसरा माणूस शोधू नका. तोही एक दिवस पडेल, आणि त्याच्या घरच्या दारातही तुम्ही असेच येऊन उभे राहाल."

मी पुढे सांगितलं की चार भाग करा. कात्रप, हेंद्रेपाडा, खरवई, आणि अंबरनाथ-उल्हासनगर मिळून एक. प्रत्येक भागातल्या लोकांनी आपल्या भागातली घरं सांभाळायची, आजारपण, मयत, म्हातारी माणसं. आणि कुठलंही काम एकट्याला द्यायचं नाही, कमीत कमी दोघांना ते करता यायला हवं. मोठे साहेब म्हणाले, बाई, चार तोंडं चार दिशांना जातील, शिस्त राहणार नाही. पाळकसाहेब वयाने लहान, फारसं न बोलणारे. ते म्हणाले, शिस्त होती, तरी परवा काय झालं ते आपण बघितलं. मग त्यांनी विचारलं, खरवईतून कोण? मागच्या बाकावरून नर्सने हात वर केला.

ती पुढच्याच आठवड्यात आमच्याकडे आली. हे पलंगावर होते. तिला बघून ह्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. आधी तिने मला मदतीला घेऊन ह्यांना कुशीवर वळवलं, पाठ बघितली. कमरेखाली जखम व्हायला लागली होती, मला ती लालसर खूण साधी वाटली होती. तिने ती धुतली, कसं वळवायचं, उशी कुठे ठेवायची ते मला शिकवलं. मग हात पुसून पलंगाजवळ बसली.

"काका, मी विचारते, तुम्ही फक्त मान हलवा. हो की नाही, एवढंच."

हे भिंतीकडेच बघत होते.

"माणूस घरातच वारला तर आधी डॉक्टर. बरोबर?"

मग मान हलली. हो.

"त्याचा दाखला घेऊन पालिकेत. तोपर्यंत राखणदाराला थांबवायचं?"

मान जोरात हलली. नाही. हे वळले आणि तिच्याकडे रागाने बघायला लागले. तिने स्वतःलाच सांगितल्यासारखं म्हटलं, म्हणजे राखणदाराला आधी कळवायचं. एकदम. मान हलली. हो.

अशी ती येत राहिली. ड्यूटी संपवून उल्हासनगरहून थेट आमच्याकडे यायची, आधी पाठ बघायची, मग प्रश्न. हळूहळू बाकीच्या भागांतलेही एकेक जण तिच्याबरोबर यायला लागले. शवपेटीच्या दुकानाचा पत्ता काढायला प्रश्नांतूनच सगळं उल्हासनगर पालथं घातलं, तिथल्या वस्तीचा एकेक कॅम्प घेत. कॅम्प चार? नाही. पाच? हो. स्टेशनकडून डावीकडे? नाही. एखादं उत्तर लागलं की सगळ्यांना आनंद व्हायचा, ह्यांच्याही ओठाची चांगली बाजू हलायची. मला वाटलं, ह्यांना पुन्हा काम मिळालं. पण एक दिवस विचारण्यासारखं काही उरलं नाही. नर्स म्हणाली, काका, आता आम्हाला जमेल. ह्यांनी तिच्याकडे बघितलं. मग डोळे मिटून घेतले. त्यानंतर ती पाठ बघायला येत राहिली, पण हे तिच्यासमोर डोळे उघडत नसत. झोपलेत, असं मी म्हणायचे. तिलाही कळत होतं.

पुढच्या वर्षी, ईस्टरच्या आधीच्या झावळ्यांच्या रविवारी लोकांनी आग्रह केला, त्यांना चर्चला आणा. कात्रपमधल्या दोघांनी ह्यांना उचलून गाडीत बसवलं. मी ह्यांना इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला. चर्चमध्ये बाकांची रचना बदलली होती, मधून चाकाची खुर्ची जाईल एवढी वाट ठेवली होती. तेही भागांनीच ठरवलेलं. दारात दोन अनोळखी बायका झावळ्या वाटत होत्या. नुकत्याच बदलापूरला राहायला आलेल्या. त्यांनी ह्यांच्या मांडीवर एक झावळी ठेवली आणि हसून पुढच्या माणसाकडे वळल्या.

उपासना चांगली झाली. प्रवचनानंतर सूचनांची वेळ आली. हेंद्रेपाड्यातली एक मुलगी उभी राहिली, कॉलेजातली. तिने नीट, थोडक्यात सूचना वाचायला सुरुवात केली. माझ्या बाजूने खुर्ची करकरली. हे डाव्या हाताने बाक धरून उठायची धडपड करत होते. "चला," हे म्हणाले, आणि मग मोठ्याने, "चला! चला!" मुलगी थांबली. सगळे वळून बघायला लागले. मागून कुणीतरी दबक्या आवाजात म्हणालं, काकांना घरी जायचंय वाटतं. दोघं जण धावत आले, खुर्ची फिरवली. ह्यांनी बाक सोडला नाही. त्यांनी बोटं एकेक करून सोडवली, हळूच, काका काका म्हणत. मी म्हणाले, थांबा, त्यांना जायचं नाहीये. पण कशासाठी उठायचं होतं हे तिथे सगळ्यांसमोर मला सांगवेना. आम्ही बाहेर आलो. आतून सूचना पुन्हा सुरू झालेल्या ऐकू येत होत्या. गाडीत हे रडत होते, आवाज न करता. घरी आल्यावर मी शर्ट काढला, घडी घातली. पुन्हा ह्यांना कुणी चर्चला नेलं नाही. हेही आले नसते.

चारही भाग चालले असं नाही. हेंद्रेपाड्यात एका फ्लॅटवर प्रार्थनासभा व्हायची, तिथे सोसायटीच्या लोकांनी चौकशा सुरू केल्या, इतकी माणसं कशाला येतात, काय चालतं. मग ते लोक गीतं हळू म्हणायला लागले, मग म्हणेनासे झाले, मग भेटणंच थांबलं. अंबरनाथ-उल्हासनगरच्या भागात दोन कुटुंबांचं बिनसलं, ती एकमेकांच्या घरी जात नाहीत. मोठे साहेब मला भेटले की म्हणायचे, मी सांगितलं होतं. पण खरवई आणि कात्रप चाललं. खरवईतल्या त्या सुनेच्या मुलींना शाळेतून आणायचं काम तिच्याच इमारतीतल्या एका बाईने घेतलं. कात्रपमध्ये मी तापाने पडले तेव्हा ह्यांना वळवायला पाळीपाळीने माणसं आली.

दुसऱ्या पावसाळ्याच्या शेवटी ह्यांना न्यूमोनिया झाला. दवाखान्यात नेलं, परत आणलं, आणि आणल्यानंतर लवकरच एका सकाळी हे गेले. मी कुणाला फोन केला हे मला आठवत नाही. बहुधा नर्सलाच. ती आली, मला बाजूला बसवलं आणि ह्यांना धुतलं, शर्ट घातला. तिने पाठ बघितली तेव्हा म्हणाली, काकू, जखम पूर्ण भरली होती. मी नुसती मान हलवली.

बाकीचं सगळं माझ्या नकळत झालं. कुणी पालिकेत गेलं, कुणी कॅम्प पाचला जाऊन शवपेटी आणली, खालच्या मजल्यावर खुर्च्या आल्या. कुणीही मला एक प्रश्न विचारला नाही. हीच व्यवस्था मी मागितली होती. पण त्या दुपारी मला वाटत होतं, कुणीतरी येऊन विचारावं, आता काय करायचं? म्हणजे ह्यांच्याशिवाय अडलं आहे, एवढं तरी दिसलं असतं. आम्ही दफनभूमीत पोचलो तेव्हा खड्डा तयार होता, कडा नीट छाटलेल्या, दोर बाजूला गुंडाळून ठेवलेले. दिवस मावळायच्या आत सगळे घरी.

परतताना गाडीत झावळ्या वाटणाऱ्या त्या दोघींपैकी एक माझ्या शेजारी बसली होती. तिने माझा हात धरला होता. थोड्या वेळाने तिने विचारलं, "काका चर्चमध्ये काही काम करायचे का?"

मी म्हटलं, "सेक्रेटरी होते."

ती म्हणाली, "अच्छा. आता ते पद नाहीये ना आपल्याकडे?"

"नाही," मी म्हटलं.

कात्रपमधलं मयताचं काम आता मी आणि आणखी एक गृहस्थ बघतो. दफनभूमीत माझं जाणं होत असतं. मागे एकदा राखणदाराने मला बाजूला घेऊन सांगितलं, बाई, जागा संपत आली. पालिकेकडून नवी मिळाली नाही तर थडग्यांच्या जुन्या रांगा नव्या मयतांसाठी पुन्हा खोदाव्या लागतील. ह्यांची रांग तशी नवी आहे, तिची पाळी यायला वर्षं लागतील, पण येणार. मी घरी येऊन बराच वेळ बसून राहिले. मग नर्सला फोन करून सांगितलं. ती ड्यूटीवर होती, मागे कुणाचा तरी कण्हण्याचा आवाज येत होता.

तिने आधी त्या पेशंटला, आलेच, असं सांगितलं. मग म्हणाली, "पुढच्या सभेत घेऊ, काकू. सगळ्यांनी मिळून ठरवू."